शांततेचे आठ सेकंद

मित्रांनो, मला पाहून कोणी ‘किती वाजले?’ असे विचारत नाही. किती वेळ गेला एवढेच मी सांगते, कारण मी एक जुने स्टॉपवॉच आहे. तळहातात मावेल अशी माझी गोल तबकडी आणि डोक्यावर एक कळ. ती दाबली की माझा काटा धावू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो आणि तिसऱ्यांदा दाबली की शून्यावर येऊन उभा राहतो. प्रत्येक सेकंदाचे पाच भाग माझ्यावर आखलेले आहेत. पोटात केसासारख्या तारेची एक बारीक स्प्रिंग आहे. ती आकसते, उलगडते आणि माझा ठोका पडतो. माझा खरेपणा तिच्या जिवावर आहे.

ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथे डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने मला जोडले. तिने तीन दिवस मला एका मोठ्या घड्याळाशी ताडून पाहिले आणि मगच माझ्या पाठीवर क्रमांक कोरू दिला. तेव्हा मला ते फार कंटाळवाणे वाटले होते.

पुढे एका शाळेतल्या खेळाच्या बाईंनी मला विकत घेतले. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीने लोंबकळत मी सव्वीस वर्षे काढली. मुली पळायच्या आणि मी मोजायचे. शेवटच्या टप्प्यात एखादी मुलगी मान वळवून माझ्याकडे पाहू लागली की बाई ओरडायच्या, ‘‘काट्याकडे काय बघतेस? रेषेकडे बघ! काट्याकडे बघायला मी आहे!’’ शर्यत संपली की धापा टाकणाऱ्या मुली माझ्याभोवती गोळा व्हायच्या. माझा आकडा ऐकून कोणी उड्या मारायची, कोणी रडायची. माझ्यावर अविश्वास मात्र कोणी दाखवला नाही.

मग आकडे उजळवणारी नवी स्टॉपवॉच आली. ती सेकंदाचा शंभरावा भाग सांगत. बाईही निवृत्त झाल्या. मी एका खणात गेले. तिथे न वाजणारी एक शिट्टी, तुटके रबर आणि संपलेल्या बॅटऱ्या होत्या. अकरा वर्षे कोणी मला किल्ली दिली नाही.

त्या खणातून मला बाहेर काढले ते बाईंच्या लेकीने. ती एका वर्तमानपत्रात टीव्हीवरच्या कार्यक्रमांची समीक्षा लिहीत असे. दर रविवारी दुपारी चार वाजता एक विनोदी कार्यक्रम थेट दाखवला जाई. छोटी छोटी प्रहसने, समोर खरे प्रेक्षक आणि चूक झाली तर झाकायला पडदा नाही. लेक तो पाहायची, सात वाजेपर्यंत लेख पाठवायची आणि सोमवारी तो छापून यायचा. एकदा एका वाचकाने तिला लिहिले, ‘‘तुम्हाला हसू आलं नाही म्हणून आम्हीही हसायचं नाही का?’’ ते तिला फार लागले. ‘छान’, ‘बरा’, ‘रटाळ’ या शब्दांवरचा तिचा विश्वास उडाला आणि तिने हसू मोजायला घेतले.

तिची पद्धत सांगते. हशा सुरू झाला की माझी कळ दाबायची, ओसरला की पुन्हा दाबायची. ज्या नटाच्या शेवटच्या वाक्यावर हशा आला, त्याच्या नावापुढे सेकंद लिहायचे. शांतताही मोजायची. कार्यक्रमाचे पन्नास भाग मोजून तिने ठरवले होते की सात सेकंदांपेक्षा लांबलेली शांतता म्हणजे विसरलेला संवाद. लेखाच्या शेवटी सगळी बेरीज चौकटीत छापली जाई. वाचक आधी चौकट वाचत. कार्यक्रमातले नट तिला तराजूबाई म्हणतात, असेही तिच्या कानावर आले होते. त्याचा तिला राग नव्हता. उलट थोडा अभिमानच होता. मलाही होता.

त्या वर्षी घरात नवा टीव्ही आला. त्याच्यासोबत दोन मोठे स्पीकर आले. त्यांतला एक लेकीच्या खुर्चीशेजारी होता. त्याचा वरचा भाग छान सपाट. काम झाले की ती मला त्याच्यावर ठेवू लागली. आठवडाभर मी तिथेच असायचे. माझ्या अंगात काहीतरी भरत होते, पण मला ते कळत नव्हते. माझा ठोका जलद पडू लागला. ताप चढलेल्याला जग हळू चालल्यासारखे वाटावे, तसे मला झाले होते.

त्या महिन्यात सगळ्यांचेच हसू वाढले. पाच मिनिटांची बेरीज सहा मिनिटांवर गेली. संपादक फोनवर म्हणाले, ‘‘कार्यक्रम काय रंगात आलाय हो!’’ नट खूश, वाचक खूश. वाढलेल्या आकड्यांबद्दल कोणी शंका घेतली नाही.

अशातच त्या कार्यक्रमात एक नवी मुलगी आली. ती आधी बसमध्ये कंडक्टर होती, म्हणून सगळे तिला कंडक्टरच म्हणत. बाईंनी चष्मा लावून पेपरातली बातमी मोठ्याने वाचली होती, ‘‘चार रविवार परीक्षा. जमलं तर कायमची, नाहीतर परत बसवर. बिनपगारी रजा घेऊन आलीय बिचारी.’’

तिचे पहिले प्रहसन हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर घडत होते. ती खिडकीमागची कारकून. एक माणूस छत्री हातात धरून, छत्री हरवल्याची तक्रार घेऊन आला. तिने रंग विचारला, दांडा विचारला, काड्या विचारल्या. त्याने सगळे सांगितले. ‘‘अगदी अशीच होती,’’ असे म्हणत त्याने हातातली छत्री दाखवलीसुद्धा. कंडक्टरने लिहिणे थांबवले. छत्रीकडे पाहिले. माणसाकडे पाहिले. आणि काहीच बोलली नाही.

लेकीने माझी कळ दाबली.

‘‘काय थांबलीय बघ!’’ बाई सोफ्यावर पुढे सरकल्या.

‘‘विसरलीय, आई.’’

‘‘अगं, विसरलेल्या माणसाचे डोळे सैरभैर होतात. हिचे बघ, छत्रीवर रोवलेत.’’

कंडक्टरने सावकाश खण उघडला आणि आणखी एक कोरा अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. सभागृहात हशा उसळला. माझ्या तबकडीवर शांततेचे आठ सेकंद आणि एक पंचमांश उमटले होते.

‘‘आठ, आई. मी डोळ्यांवर लिहू की आकड्यांवर?’’

‘‘लिही हो कशावरही. शर्यतीत बार उडायच्या आधी पोरी अशाच थांबायच्या, एवढं मला ठाऊक आहे. पण मी आपली अडाणी प्रेक्षक!’’

सोमवारी छापून आले, ‘नवोदित नटी पहिल्याच परीक्षेत संवाद विसरली. आठ सेकंद मंच मेलेला होता. छत्रीवाल्या नटाने प्रसंग सावरला.’ पुढच्या रविवारी कंडक्टर दिसली ती मागच्या रांगेत, हातात पेल्यांचा ट्रे धरून. तिला एकही वाक्य नव्हते. बाईंनी लेकीकडे पाहिले. लेकीने वहीकडे पाहिले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. डॉक्टरांनी बाईंना रोज सकाळी नाडी मोजायला सांगितले होते. एरवी त्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली उभ्या राहून मोजत. त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून त्यांनी बसल्याजागी हात लांबवून मला उचलले.

‘‘बयो, अगं इकडे ये! माझी नाडी साठ! मी काय चिखलात बसलेली म्हैस आहे?’’

‘‘चुकली असशील. पुन्हा मोज.’’

‘‘सव्वीस वर्षं मोजलंय मी ह्यानं. मला शिकवू नकोस.’’ त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा साठ.

लेकीने त्यांना घड्याळाखाली नेऊन स्वतः मोजले. बहात्तर, रोजच्यासारखे. मग तिने मला हातात घेतले आणि त्या घड्याळाचे एक मिनिट माझ्यावर मोजले. मी एक मिनिट बारा सेकंद दाखवले. तिने पाच वेळा मोजले. पाचही वेळा तेच आले.

दुपारी ती मला घेऊन घड्याळजींकडे गेली. त्यांनी मला न उघडताच शेजारी एक छोटे होकायंत्र ठेवले. उत्तर सोडून त्याची सुई माझ्याकडे वळली.

‘‘ह्याच्या अंगात चुंबक भरलंय, बाई. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते. मग घड्याळ पळतं. ठेवता कुठे हे?’’

‘‘टीव्हीच्या स्पीकरवर.’’

‘‘स्पीकरच्या पोटात भलंमोठं चुंबक असतं! घरात वाघ पाळायचा आणि शेळी त्याच्या पाठीवर बांधायची, असला प्रकार झाला हा.’’

चुंबक उतरवायला त्यांनी मला वीज सोडलेल्या तारेच्या एका कड्यातून हळूहळू मागे खेचले. अंगातला ताप उतरावा तसे वाटले. संध्याकाळी लेकीने त्या भागाचे चित्रण पुन्हा लावले आणि मला हातात घेऊन तीच शांतता मोजली. सहा सेकंद आणि चार पंचमांश. सातच्या आत.

‘‘मग झालं तर! खुलासा छाप,’’ बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, ‘‘पण त्या शांततेनंतर केवढे हसले होते लोक! ते किती?’’

‘‘तेव्हा एकोणीस आले होते. खरे सोळा. त्या भागातला सर्वांत मोठा हशा.’’

‘‘कोणाच्या नावावर आहे?’’

लेकीने वहीतली ओळ शोधली. ‘‘छत्रीवाल्याच्या. शेवटचं वाक्य त्याचं होतं.’’

‘‘म्हणजे केलं तिनं आणि हसू घातलंस त्याच्या पदरात! हे काय घड्याळानं सांगितलं होतं?’’

मित्रांनो, मी अगदी बरोबर चालत असते, तरी ती ओळ चुकीचीच लिहिली गेली असती. हे लेकीला त्या क्षणी कळले आणि तिचा चेहरा उतरला. माझी चूक कड्यातून ओढून निघाली होती. तिची तशी निघणार नव्हती.

तिने कार्यक्रमाच्या कचेरीतून नंबर मिळवून कंडक्टरला फोन लावला. स्वतःचे नाव सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग आवाज आला, ‘‘बोला बाई. ही शांतता मोजू नका म्हणजे झालं.’’

लेकीने सगळे सांगितले आणि माफी मागितली. शेवटी विचारले, ‘‘तुम्ही इतकं थांबायला कुठं शिकलात?’’

‘‘बसमध्ये. तिकीट हरवलेला माणूस सगळे खिसे चाचपतो. तेव्हा कंडक्टरनं बोलायचं नसतं. नुसतं बघायचं. अख्खी बस हसायला लागते आणि तिकीट त्याच्याच दातांत सापडतं. मी तेवढंच केलं हो. पण आता उपयोग काय? दोन रविवारांनी रजा संपतेय. निर्माते म्हणतात, तुझं नाव चौकटीत नीट आलं नाही.’’

मग संपादकांचा फोन झाला. ते म्हणाले, ‘‘घड्याळ बिघडलं होतं, असं दोन ओळींत टाका आणि मोकळ्या व्हा. जास्त लिहिलंत तर लोक मागच्या सगळ्या चौकटींवर बोट ठेवतील.’’

‘‘ठेवू देत,’’ लेक म्हणाली.

बाई सोफ्यावरून हळूच म्हणाल्या, ‘‘चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस म्हणजे झालं. ते घड्याळ माझ्या गळ्यातलं आहे.’’

तिने दिली नाही. शुक्रवारच्या अंकात तिने लिहिले की घड्याळ जलद चालत होते, ते स्पीकरवर मी ठेवले होते, महिनाभर वाढलेले आकडे मला आवडत होते म्हणून मी ते तपासले नाहीत. आणि सोळा सेकंदांचा तो हशा नव्या नटीचा होता, तो मी दुसऱ्याला दिला, यात घड्याळाचा काही संबंध नाही.

पत्रे आली. ‘तराजूबाईंच्या तराजूलाच पासंग!’ असे एकाने लिहिले. एका नटाने महिन्यातले आपले वाढीव सेकंद परत न करण्याचे जाहीर केले. लेकीने ती पत्रे बाईंना वाचून दाखवली. तिसऱ्या रविवारी कंडक्टरच्या हातात ट्रेच होता.

चौथ्या रविवारी तिला दीड मिनिट मिळाले. त्या खुलाशामुळे की निर्मात्यांच्या स्वतःच्या मनाने, हे मला सांगता येणार नाही. बंद पडलेली लिफ्ट होती. आत ती आणि एक अनोळखी साहेब. दोघे छताकडे पाहत होते. साहेबांनी घसा खाकरला. कंडक्टरने आधीच पेटलेले बटण हळूच पुन्हा दाबले. मग साहेबांकडे पाहिले आणि थांबली.

लेकीने कळ दाबली. पाच. सहा. बाईंनी श्वास रोखला होता. सात. माझा काटा ती रेषा ओलांडून पुढे गेला. आठ. ती मुलगी हललीसुद्धा नाही. नऊ सेकंद झाले आणि सभागृह हशाने फुटले. बाई डोळे पुसत हसत होत्या. लेकही हसत होती, पण तिचा अंगठा कळेवरून हलला नव्हता.

सोमवारच्या चौकटीतून सात सेकंदांचा नियम गेला होता. त्या जागी लिहिले होते, ‘लिफ्ट : शांतता नऊ सेकंद, हशा बावीस सेकंद. दोन्ही तिचेच.’ त्या आठवड्यात कंडक्टरने बसच्या कचेरीत राजीनामा दिला. बाईंना ती बातमी दोनदा वाचावीशी वाटली.

मित्रांनो, आता मी लाकडी पेटीत राहते. दर महिन्याच्या एक तारखेला लेक मला स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी ताडून पाहते, आणि आता मला त्याचा कंटाळा येत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याला चुंबकापासून दूर ठेवा आणि अधूनमधून तपासा. आकडे तुमच्या मनासारखे येत असतील, तेव्हा तर जरूर तपासा. माझ्यावर विश्वास ठेवा, मला तो हवा आहे. फक्त एखाद्याचे काम माझ्या काट्यावर तोलण्याआधी, शेजारी बसून जे कोणी डोळ्यांनी पाहत होते त्याला एकदा विचारा, ‘‘तुला काय दिसलं?’’