पत्रूचा खाकी कोट

खाकी कोट आहे मी, जुना, दोन्ही कोपरांवर फाटलेला. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, एका बांबूवर टांगलेला असतो आणि पाखरं हाकलतो. मित्रांनो, गोष्ट ऐकायला बसलाच आहात तर आधीच सांगून ठेवतो, ती गोड नाही. माझ्या डोक्यात राग आहे. मला डोकं नाही म्हणा, पण राग आहे.

आलापल्लीच्या एका शिंप्याने मला शिवलं. कापड जाड, गुंड्या पितळी. श्रीहरी नाकेदाराच्या अंगावर चढलो तेव्हा मला मोठा तोरा होता. नाकेदार म्हणजे जंगल राखणारा शिपाई. त्याच्यासोबत सागाच्या रानातून हिंडलो आणि लवकरच कळलं, हा जंगल कमी राखतो आणि लोकांचे कोंबडे जास्त. कोणी छपरासाठी चार बांबू आणले की याचा हात गेलाच त्याच्या खुराड्यात.

पत्रूच्या खुराड्यातही गेला. पत्रू त्या रानाकाठच्या गावातला मजूर, आणि गावाच्या नाट्यमंडळातला विनोदी नट. त्याचा लाल कोंबडा बगलेत मारून नाकेदार निघाला, तर पत्रूची बायको नीलाबाई आडवी आली.

"कोंबडा नेता त नेता, थो फाटका कोट तरी द्या. लेकराले पांघराले होईल."

नाकेदाराला नवा कोट मिळालाच होता. त्याने हसत मला अंगणात फेकलं. "घे गा पत्रू, घाल तुया नाटकात."

कुंपणाशी शेजारी उभे होते. मंडळाचे अध्यक्ष देवरावभाऊ उभे होते. सगळ्यांनी हे आपल्या कानांनी ऐकलं.

तिथून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. पत्रू मला घालून नाकेदार व्हायचा. मिशीला पीळ देत म्हातारीच्या गाडग्यात डोकं घालायचा आणि विचारायचा, "बाई, यात सागाचं झाड लपवलं काय?" मग माझ्या खिशातून कोंबडीचं एकेक पीस काढायचा. हे काय, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "सर्दी झाली, नाक पुसाले ठेवलं." लोक पोट धरून हसायचे. वन्समोर यायचे. आरमोरीकडून, वडशाकडून बोलावणी यायची. पत्रू नाही तर नाटक नाही, असं लोक म्हणायचे. दिवसभर लोकांची लाकडं वाहणारा हा माणूस मंचावर पाय ठेवला की वाघासारखा चालायचा. त्याच्या छातीचे ठोके मी ऐकले आहेत. त्याचा जीव होता नाटकात.

आता रागाची गोष्ट. आमच्याकडे नाटकाचं उद्घाटन असतं. पाहुण्याला पुढची खुर्ची, गळ्यात हार, हातात फोडायला नारळ. मंचाला बांबू लागतात आणि बांबू जंगलातले, तेव्हा शहाऐंशी सालच्या मंडईला देवरावभाऊंनी पाहुणा म्हणून नेमका श्रीहरी नाकेदार बोलावला.

पत्रूने विचारलं, "भाऊ, आज नाकेदार करू का नको?"

"कर गा. पब्लिक त्याच्यासाठीच येते."

पत्रूने केलं. पाहुणाही हसला. पण खिशातून पिसं निघायला लागली तशी सगळ्या मैदानाची नजर पुढच्या खुर्चीकडे वळली, आणि त्याचं हसू मावळलं.

सकाळी तो पत्रूच्या अंगणात हजर. मी पत्रूच्या अंगातच होतो. पाठोपाठ सारं गाव जमलं.

"सरकारी कोट चोरला काऊन बे?"

"तुमीच त देला," नीलाबाई म्हणाली. "कोंबड्याच्या बदल्यात."

"कोनी पाह्यलं? पुढं या, सांगा."

देवरावभाऊंनी जमिनीकडे पाहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा बांबू लागणार होते. कुंपणाशी उभे राहिलेले शेजारीही गप्प. एका माणसाने तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. मला तोंड असतं तर मी उघडलं असतं.

"मंग धर कान," नाकेदार म्हणाला. "अन् म्हन, म्या चोरी केली, पुन्हा नाटकात पाय ठेवनार नाई. नाईतर चाल ठाण्यात."

पत्रूने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग कान धरले. त्याचे ओठ वाकडे झाले होते, नाकातून पाणी आलं होतं. तो रडत होता हो.

आणि लोक हसले.

आधी एकजण हसला, मग सगळे. मंचावर हसायचे तसेच, पोट धरून. नाकेदाराचं काम झालं होतं. ज्याच्यासाठी एवढं रामायण केलं तो मी, मला त्याने नेलंसुद्धा नाही. पत्रूने मला काढून खाली ठेवलं, नाकेदार मला तसाच ओलांडून गेला.

तेव्हापासून मी बांधीत आहे. पुढच्या साली धान कापताना देवरावभाऊ बांधावर आले.

"पत्रू, श्रीहरीची बदली झाली. मंडईले ये ना गा. थो कान धराचा सीन बसवू. पब्लिक लय हसली होती."

पत्रूने विळा थांबवला. "भाऊ, तुमी काऊन हसले त्या दिशी?"

"हसू आलं गा, काय करू."

"मले नाई आलं," पत्रू म्हणाला, आणि खाली वाकून कापायला लागला. देवरावभाऊ निघून गेले. पत्रू पुन्हा कधी मंचावर चढला नाही.

मित्रांनो, विनोदी नट दिसला की पोटभर हसा. ते त्याला आवडतं, त्यासाठीच तो घाम गाळतो. पण त्याच्या दारात येऊन कोणी त्याला कान धरायला लावत असेल, तर एक पाऊल पुढे टाका आणि जे पाहिलं ते सांगा. तेवढं होणार नसेल, तर नाटकाला जाऊ नका. घरी बसा.