तेलाच्या टाकीचं झाकण

तुळशीराम मिस्त्रीने जी मोटारसायकल भंगार म्हणून नाकारली होती, तिचं इंजिन इंद्रभानने सगळं उघडून पुन्हा बांधलं. इंद्रभान त्याचाच चेला. हिंमतरावांच्या गोठ्यात महायुद्धाच्या काळापासून पडून असलेली ती गाडी आज कीर्तनकार बुवांना उंद्रीहून देऊळगाव राजाला नेणार होती.

गाव जमलं. तुळशीराम मागे उभा राहून गळ्यातली माळ चाचपत मनात म्हणाला, "पांडुरंगा, सुरू नको होऊ देऊ." इंद्रभानच्या दुसऱ्याच किकेला गाडी सुरू झाली.

"पाह्य तुळशीराम," हिंमतराव म्हणाले, "तुहं भंगार बोलाले लागलं."

तुळशीरामच्या पोटात दुखलं. पण त्याची नजर तेलाच्या टाकीकडे गेली. तिचं झाकण उघडून, इंजिनात फिरलेलं तेल परत येतं का, हे इंद्रभानने पाहिलंच नव्हतं. तेल फिरत नसेल तर वाटेतल्या चिखलीच्या आधीच पिस्टन जाम. होऊ दे जाम, त्याला वाटलं. तेवढ्यात बुवा धोतर सावरत मागच्या सीटवर बसले. त्यांचा अभंगातला आवाज आठवला आणि त्याला राहवलं नाही.

"थांब बे," म्हणत तो पुढे झाला. झाकण उघडलं, तेल येतच नव्हतं. इंजिन बंद करायला लावून त्याने पंपाजवळचा नट सैल करून अडकलेली हवा काढली. पुन्हा किक मारली, तर तेलाची धार टाकीत परत पडू लागली आणि इंजिन ताजी कणीक लावलेल्या मृदंगासारखं घुमलं.

बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून इंद्रभानला घातला.

"चेला माहाच हाय," तुळशीराम तेलकट हात पुसत म्हणाला. पण इंजिन इतकं भरून बोलत होतं, की कोणाला ते ऐकूच गेलं नाही.