मुक्यानं भरवणं

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांच्या पिल्लांना भरवताना तोंडातून शब्द काढायचा नाही, हा डॉक्टर पद्मजाचा नियम. अंगभर पांढरा झगा घालायचा, माणूस म्हणून दिसायचं नाही, ऐकू तर अजिबात यायचं नाही. कच्छमधलं पाणी आटलं आणि थवा पिल्लांना टाकून उडून गेला. त्यातली चौदा तिनं वाढवायला घेतली होती. मदतीला मुलुंडच्या पक्ष्यांच्या दवाखान्यातली शेवंती नेली, कारण बाईच्या हाताला गुण होता. पण शेवंती पडली मालवणकडची. लेकराला मुक्यानं भरवायचं हे तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. जित्याची खोड! झग्याच्या आत ती पुटपुटायचीच, "खा गो बाय, खा."

चोरी उघडी पडली ती उडायच्या दिवशी. छोट्या विमानामागून उडत पिल्लांनी मुंबईच्या खाडीची वाट शिकायची होती. विमानाच्या भोंग्यातून रोहितांची हाक वाजत होती, पण एकानं मान वळवली असेल तर शपथ. शेवंतीला राहवलं नाही. "उठा गो बायांनो!" आणि चौदाच्या चौदा तिच्याकडे धावली.

"वाट लावलीत, मावशी!" पद्मजाला रडूच फुटलं. "माणसाच्या हाकेला येणारा पक्षी जगतो का कुठे?"

"माझाच चुकला. न बोलता भरवूक माका जमणा नाय."

शेवटी तिचाच आवाज भोंग्यात भरला. त्यामागून पिल्लं अकरा दिवस टप्प्याटप्प्यानं उडाली आणि मुलुंडच्या खाडीत उतरली. त्याच दिवशी भोंगा बंद झाला. पद्मजा म्हणाली, "आता त्यांनी तुम्हाला विसरायला हवं. उन्हाळ्यात कच्छला जाऊन पुढच्या थंडीत आपली आपण परतली, तर वाट शिकली म्हणायची."

पुढच्या थंडीत शेवंती रोज सकाळी खाडीच्या बांधावर जाऊन उभी राहायची. एका सकाळी थवा उतरला. त्यात पद्मजानं पिल्लांच्या पायांत घातलेली पिवळी कडी दिसली. कडी घातलेले पक्षी नऊच होते. उरलेल्या पाचांसाठी तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

त्यांतला एक, डाव्या पायानं किंचित लंगडणारा, थवा सोडून बांधाकडे आला. हा भारी हट्टी, चार हाका मारल्याशिवाय घास घ्यायचा नाही. तो दहा हातांवर थांबला आणि मान उंच करून उभा राहिला. बांधावर भटकी कुत्री लोळत होती. शेवंतीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळे वाहत होते, पण तिनं हूं की चूं केलं नाही. बराच वेळ वाट बघून तो वळला आणि लंगडत थव्यात मिसळला.

दुपारी नातीला भात भरवताना शेवंतीच्या तोंडून शब्द फुटेना. पोरगी घास घेईना, नुसती मान वर करून आजीच्या तोंडाकडे बघत राहिली.