मधातली उसाची साखर

माझ्या मधात उसाची साखर सापडली, असा अहवाल अकोल्याच्या प्रयोगशाळेतून आला आणि माझं डोकंच फिरलं. नांदगाव खंडेश्वरला घरामागे आणि थोड्या धामणगावकडच्या शेतात मधमाश्यांच्या पेट्या सांभाळते मी. मधात पाण्याचा थेंब पडू देत नाही. अमरावतीचे दुकानदार गजेंद्रभाऊ तो ‘मायाताईचा मध’ म्हणून विकतात. फोनवर ते एवढंच म्हणाले, “ताई, आता बाटलीवर तुमचं नाव कसं टाकू?” नावच गेलं तर माझ्याकडे उरलं काय?

भांडायच्या तयारीनंच अकोल्याची एसटी पकडली. प्रयोगशाळेतल्या रागिणी मॅडमनी माझा सगळा आरडाओरडा ऐकून घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काचेखाली गोल गोल कण दिसत होते.

“हे तुरीचे परागकण. म्हणजे माश्या फुलांवर गेल्यात, हे खरं. पण ऊस हवेतला कार्बन तुरीपेक्षा वेगळ्या रीतीनं घेतो. ती खूण साखरेत राहते आणि मशीन ती पकडतं. तुम्ही माश्यांना साखरेचं पाणी देता का?”

“पावसाळ्यात, फुलं नसतात तेव्हा. मध धरायच्या दिवसांत कधीच नाही.”

“मग घरी विचारा. कोणी दिलं असेल, तर साखर पेटीतच मिसळली.”

नुसता ‘नापास’ शिक्का मारून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या. झाल्या नाहीत.

घरी आल्या आल्या सासूबाईंना, सुंदराबाईंना, विचारलं. त्यांनी लपवलं नाही.

“ठेवलं ना मी ताटलीत. तुरीचा फुलोरा सरला, थंडी पडली, बिचाऱ्या रांजणापाशी घुटमळून राहिल्या होत्या. मुंग्यायले साखर टाकतो आपण, मंग यायले काहून नाही?”

मी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी पाहते तर लुगडं नेसून माझ्याआधी दारात तयार.

“चाल, अमरावतीले जाऊ.”

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. सासूबाई सरळ गल्ल्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“भाऊ, साखरेचं पाणी म्या ठेवलं. माह्या सुनेले काई मालूम नव्हतं. भेसळवाली म्हणाचं तं मले म्हणा. बाटलीवर नाव तिचंच राहू द्या.”

सगळं दुकान त्यांच्याकडे पाहत होतं. गजेंद्रभाऊंनी खुर्ची पुढे केली. “मावशी, बसा. साखर घरामागच्या माश्यांनी खाल्ली. शेतातल्या पेट्यांचा मध वेगळा तपासून घेऊ.”

तो मध चोख निघाला. घरामागचा मी विकला नाही, पावसाळ्यात माश्यांनाच खाऊ घालणार आहे. रागिणी मॅडमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. सासूबाईंचे कसे फेडू, ते मात्र कळत नाही. माझं नाव राहावं म्हणून भर बाजारात स्वतःचं खराब करून घेणारं माणूस मला माहेरीही मिळालं नव्हतं.