गरम गुडघ्याची कृपा

कोराडीच्या मंगल कार्यालयात खुर्च्या भरून गुडघे बसले होते. त्यांना घेऊन आलेले नातेवाईक मागे उभे. सगळे गुडघे ऑपरेशन करून बदललेले आणि सगळ्यांना घाई. लोहानंद महाराज एकेका गुडघ्यावर तळवा टेकवत, डोळे मिटत आणि म्हणत, “धातूत प्राण उतरला. आता दुसरा गुडघा चाचपा, मग हा.” दुसरा गार, हा गरम. टाळ्या पडत.

अंजनाबाईंची सारखी चुळबुळ चालली होती. ऑपरेशनला महिना झाला, तरी पाय काटकोनातही वाकेना. असाच आखडला तर दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये जन्माची कैद. सोबत आलेली सून मेघा धंतोलीच्या दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवून देई. पण सुनेनं ‘वाकवा’ म्हणायचं आणि सासूनं वाकवायचं, हे अंजनाबाईंच्या शिस्तीत बसत नव्हतं. महाराज तर व्यायाम बंदच करायला सांगत. ते त्यांना फार पटलं होतं.

“व्यायाम केला की कृपा घामावाटे निघून जाते,” महाराज समजावत होते. घाम त्यांनाही फुटला होता, पण तो कूलरचा दोष.

“काहून एवढा वेळ लावून राहिले वं हे?” असं मेघाला म्हणत अंजनाबाई चाळा म्हणून आपला गुडघा चोळू लागल्या. हात थबकला. गुडघा गरम होता. दुसरा चाचपला, गार. त्यांनी शेजारच्या यमुताईंचा पाहिला. तोही गरम. महाराज अजून चार खुर्च्या लांब.

ते आले, तळवा उचलला.

“थांबा महाराज. माह्या गुडघ्यात प्राण आधीच उतरला. यमुताईच्याही. तुमाले उशीर झाला.”

“कृपा लांबूनही पोचते, माय.”

“मंग इथं काहून बोलावलं? घरीच धाडायची.”

रांगेत जो तो आपापला गुडघा चाचपू लागला. मागे उभी असलेली मेघा पुढे आली. “बदललेला गुडघा आतून भरून येत असतो. तिथं रक्त जास्त धावतं, म्हणून कित्येक महिने तो गरमच लागतो. महाराजांनी फक्त हात ठेवला. लाली, पू, ताप असेल तर मात्र डॉक्टर गाठा.”

“पण मले बरं वाटलं न, बाई,” पुढच्या खुर्चीतले रामाजी म्हणाले.

“वाटू द्या, काका. वाकतो का, ते पाहा.”

रामाजींनी पाय मागे ओढून पाहिला. वाकला नाही. टाळ्या वाजवणारे हात खाली आले.

चमत्काराला टाळी द्यायला हरकत नाही. फक्त महाराज यायच्या आधी काय होतं, तेवढं स्वतःच्या हातानं चाचपून पाहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई पलंगावर पाय पसरून बसल्या.

“लय दुखते वं.”

“दुखणार, आई.”

“मंग पाहत काहून राहिली? वाकव.”