टोपलीखालची पोरं

झोपलेल्या पिल्लाला उठवू नये, एवढी अक्कल मांजरीलाही असते. आजीच्या धाकट्या मुलाला ती नव्हती. भर दुपारी त्याने चिमणीला बिछान्यातून उचललं, तोंडावर पाणी मारलं, झालरीचा फ्रॉक चढवला आणि बैठकीत आणून उंच स्टुलावर बसवलं.

चिमणी म्हणजे त्याची सहा वर्षांची लेक. तिच्यासमोर स्टँडवर मोबाईल, त्यामागे थाळीएवढा गोल दिवा, डोळे दिपवणारा. टेबलावर कंपनीने पाठवलेला खेळण्याचा खोका. चिमणीने तो उघडायचा, आतली बाहुली बघून हरखायचं, आणि घरोघरच्या पोरांनी ते मोबाईलवर बघून आईबापांचा जीव खायचा, असा हा धंदा.

"जरा उशिरा हरखलीस, बाळा," धाकटा म्हणाला. "परत."

सूनबाईने बाहुली आत ठेवली, झाकणाला नवी चिकटपट्टी लावली, वरून अंगठा फिरवून सुरकुती घालवली. चिमणीने खोका उघडला, डोळे मोठे केले. "अय्या! माझ्यासाठी?"

"परत. या वेळी टाळ्या."

असल्या खोक्यांनी कपाट गच्च भरलं होतं. पण त्यातलं एकही खेळणं मळवायचं नाही, असा घरचा कायदा. चिमणी खेळायची ती आजीच्या चष्म्याच्या डबीशी.

"अरे, झोपू दे तिला," आजी कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाली. "डोळे बघ, मिटायला लागलेत."

"आई, खेळतेय ती. खेळण्याला कुणी काम म्हणतं का?"

"माझ्या आईचा मुकादमही हेच म्हणायचा."

"झालं! आली गिरणी," धाकट्याने बायकोकडे बघून डोळा मारला. "आता भोंगा वाजणार."

"तो काळ वेगळा होता, आई," सूनबाई म्हणाली. "इथे पंखा आहे, खाऊ आहे, आईबाप जवळ आहेत."

"हो ग बाई. तिचा मुकादम तिचा बाप नव्हता. एवढा फरक आहे खरा."

आजीची आई चिमणीएवढी असताना सूतगिरणीत लागली होती. पहाटे तिचा बाप तिला झोपेतच खांद्यावर टाकून फाटकापर्यंत न्यायचा. चालू यंत्राखाली सरपटत जायचं, सांडलेला कापूस वेचायचा, तुटलेला धागा चिमटीत पिळून सांधायचा. बोटं बारीक, अंग बारीक, पोरांना तर खेळच तो, असं मुकादम सांगत फिरायचा. तपासणीचा साहेब आला की तोच मुकादम पोरांना भराभर टोपल्यांखाली कोंबायचा, वर कापसाचे ढीग टाकायचा. कुणी शिंकलं की साहेब गेल्यावर त्याच्या कानाखाली जाळ.

ती पोरगी मोठी झाली, म्हातारी झाली. दात गेले, नजर गेली, पण बोटं काही सुटली नाहीत. झोपेतही नसलेला धागा पिळत राहायची. आजीने ती बोटं कितीदा मुठीत घट्ट धरून ठेवली होती. मुठीतसुद्धा ती वळवळायची.

"शेवटचं एकदा," धाकटा म्हणाला. "टाळ्या वाजवत उभी राहा. हां, अशी!"

चिमणी अर्धवट झोपेत स्टुलावर उभी राहिली. स्टूल कलंडलं. टेबलाच्या कडेवर हनुवटी आपटल्याचा आवाज झाला आणि फ्रॉकच्या झालरीवर रक्त ठिबकलं.

सूनबाई किंचाळली. आजी गुडघे विसरून उठली. पण पोर रडली नाही. तिने आधी मान वर करून दिवा शोधला, मग मोबाईल शोधला. लाल झालेल्या दातांनी ती छान हसली आणि म्हणाली, "बाबा, हे चाललं? की परत पडू?"

आजीला झोपेतही धागा पिळणारी ती बोटं दिसली. आईची बोटंच ती. तोंड तेवढं चिमणीचं.

आणि धाकटा? तो मोबाईलमध्ये बघत होता. "रक्त फारसं दिसत नाहीये," तो पुटपुटला. "पण हसलीय काय गोड!"

आजीने वायर धरली आणि हिसडा मारला. गोल दिवा विझला. तो विझला मात्र, चिमणीने असं भोकाड पसरलं की खिडकीची तावदानं थरथरली. आजी जमिनीवरच बसली, तिला कुशीत ओढून हनुवटीवर ओला रुमाल दाबला.

"रड, माझी बाय. पोटभर रड. सुटी झाली तुझी."

सूनबाई खाली बसून पोरीचे पाय चोळत मुसमुसायला लागली. धाकटा मात्र अजून हटायला तयार नव्हता.

"चुकून पडली, आई. लगेच गिरणी कशाला? तिथे पोरं मरायची. हिला लोक ओळखतात, कौतुक करतात. आणि मी काय लपूनछपून करतोय का? सगळ्या जगासमोर करतोय!"

आजीने रुमालाची घडी उलटली. मग मान वर केली.

"तेच म्हणते मी. तो मुकादम नीच होता, पण साहेब आला की पोरं टोपलीखाली दडवायचा. आपण करतोय ते पाप आहे, एवढं त्या मेल्याला कळत होतं. तू पोर उघड्यावर बसवलीस, वर दिवा लावलास, आणि ती रक्ताळली तर हसू गोड आलं म्हणालास. आजपासून ही माझ्या खोलीत झोपेल. आपणहून जागी होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, तू तर नाहीच. बाप म्हणवून घेतोस? अरे, तू त्या मुकादमाच्याही खालचा निघालास!"