काच कोणी आणायची होती?

मी सूर्यचूल बोलतेय. हसू नका. काळी पत्र्याची पेटी, वर काच, पाठीशी आरसा, एवढाच माझा संसार. पण विस्तवाशिवाय खिचडी शिजवते मी! आणि मी जन्मायच्या आधीच एका बाईची झोप माझ्यापायी उडाली होती.

ती बाई म्हणजे सुभद्रा. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायची. लग्न झालं, मग शकू झाली आणि गृहविज्ञानाचं शेवटचं वर्ष राहून गेलं. शकू चार वर्षांची झाल्यावर तिनं नागपूरच्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं. नवऱ्याला, देवरावांना, तिनं सांगितलं होतं, "हे एकच वर्ष. नाही जमलं तर पुन्हा कॉलेजाचं नाव काढणार नाही." सांगताना फार सोपं वाटलं होतं. आता कूस बदलत ती एकच गोष्ट घोकत होती: काच कोण आणणार? मध्येच उठून झोपलेल्या शकूच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. तो चालू असायचाच. मग पुन्हा काच.

झालं होतं असं, की प्रात्यक्षिक परीक्षेसाठी कॉलेजातल्या बाईंनी तिघी-तिघींचे गट पाडले. "सूर्यचूल बनवायची आणि परीक्षकांसमोर तिच्यात खिचडी शिजवून दाखवायची," त्या म्हणाल्या. "गुण गटाला. शिजली तर तिघी पास, कच्ची राहिली तर तिघी पुढच्या वर्षी."

वाटणी लगेच झाली. कुंदानं काच आणायची. इंदूनं काळा रंग आणि माझ्या दोन पत्र्यांच्या मध्ये भरायला धानाचा कोंडा, म्हणजे आतली ऊब बाहेर पळत नाही. पेटी, आरसा, डाळ-तांदूळ, मीठ-हळद सुभद्रानं.

सुभद्रानं दुसऱ्याच दिवशी देवरावांची लग्नाआधीची ट्रंक रिकामी केली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आतली पेटी बसवली. मला अंग आलं! पण पोट पोकळ आणि डोकं उघडं.

कुंदाला विचारलं की ती म्हणायची, "आणून राहिली ना वं! कन्हानले माया मामाचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. काचाच काचा!" पुढच्या आठवड्यात मामा लग्नाला गेलेले असायचे. मग दुकानाची किल्ली हरवायची. एकदा मात्र कुंदा मोठ्या ऐटीत पुडकं घेऊन आली. सुभद्राचा चेहरा असा काही उजळला म्हणून सांगू! पुडक्यात क्रोशाचा रुमाल निघाला. "चुलीवर झाकाले. कडेनं मोर हायेत, पाहा." डोक्यावर काच नाही, पण मोरांची ओढणी आली.

इंदूची तऱ्हा वेगळी. ती कधी नाही म्हणायची नाही आणि कधी उठायची नाही. रंग आणला तर ब्रश विसरली. कोंडा आणला तो अर्धं पोतं, कारण उरलेल्या अर्ध्यावर म्हणे तिच्या घरची मांजर व्याली होती. "आता तिले उठवू काय मी?"

शेवटी सुभद्रानंच जुन्या फडक्यानं मला काळं केलं आणि शेजारच्या प्रयागबाईंकडून राहिलेला कोंडा मागून आणला. काम करताना तिची बडबड चालायची. "काच कोणी आणायची होती? ब्रश कोणी आणायचा होता? सगळं मीच करायचं!" शकू शेजारी बसून बाहुलीला तेच दरडावायची, "कोणी आणायची होती?" ते ऐकून सुभद्रा गप्प व्हायची. आपण पोरीला हे काय शिकवतोय, असं तिला वाटायचं. आणि पुन्हा सुरू व्हायची.

परीक्षा तोंडावर आली. काच नाही. सुभद्रानं भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवला आणि त्याची काच काढून माझ्या झाकणात बसवली.

देवराव उघड्या फोटोकडे बोट दाखवत म्हणाले, "अवं, आता माया तोंडावर माश्या बसतीन ना!"

"परीक्षा होईपर्यंत हाकला," सुभद्रा म्हणाली.

परीक्षेच्या सकाळी शकूला सांभाळणाऱ्या प्रयागबाई नेमक्या मौद्याला गेल्या. मग एका हाताला शकू, दुसऱ्या हातात मी, अशी सुभद्रा बसमध्ये चढली. कंडक्टरनं मला टिचकी मारली. "काय हाय बाई पेटीत? कोंबड्या?" माझा केवढा अपमान!

पण कॉलेजच्या गच्चीवर मला ठेवलं आणि मी सगळं विसरले. मार्चातलं नागपूरचं ऊन ते! आरशावरून उसळून थेट पोटात. आयुष्यात पहिल्यांदा मी तापत होते. सुभद्रानं खिचडीचा डबा आत ठेवला, झाकण लावलं. कुंदा आली, "मामानं दुकानच नाही उघडलं वं" म्हणाली आणि चहा प्यायला गेली ती गेलीच.

थोड्याच वेळात सुभद्रानं झाकण उघडलं. डाळ कडक. लावलं. पुन्हा उघडलं. दर वेळी माझी साठवलेली ऊब भस्सकन आभाळात! अगं, थांब, मला जरा तापू दे, असं मी जीव तोडून सांगत होते. पण चुलीचं कोण ऐकतं? शेजारच्या गटाच्या चुलीतून वास सुटला तशी सुभद्रा रडवेली झाली. तिचा हात पुन्हा झाकणाकडे गेला.

सावलीत पेंगत असलेली इंदू उठली. खरंच उठली! आली, मोरांच्या रुमालाची घडी करून माझ्या झाकणाच्या तापल्या कडेवर ठेवली, त्यावर हात दाबला आणि फतकल मारून बसली.

"उघडून काहून पाहून राहिली? पळून जाते काय ते?"

"कच्चं राहिलं तर?"

"तर तुह्या पाहण्यानं शिजते काय? पोरगी झोपली की तिलेही अशीच उठवून पाहत असशील तू."

सुभद्राला हसू फुटलं. रडता रडताच. "उठवत नाही गं. फक्त बोट धरते."

"मग आता बोट खाली ठेव."

इंदू हलली नाही. न हलण्यात तिचा हात कोण धरणार? काचेवर वाफ दाटली. आत डाळ फुलत होती, तांदूळ फुगत होता. मला गावंसं वाटत होतं.

परीक्षक बाई आल्या. पाठोपाठ कुंदाही अवतरली, केस नीट करत. झाकण उघडलं. वाफेचा लोट! बाईंनी शीत बोटात दाबलं. "शिजलीय. मऊ शिजलीय."

तिघी पास झाल्या. पुढे निकालाचे पेढे द्यायला कुंदा कोराडीला आली, ती काच घेऊन. "आणली का नाही?" फोटोला त्याची काच परत मिळाली आणि देवरावांच्या माश्या गेल्या. मी आता कॉलनीच्या गच्चीवर असते, मोरांचा रुमाल पांघरून. माझ्याकडे आलात तर एवढंच करा: झाकण लावा आणि जरा लांब जाऊन बसा.

पण त्या दिवसाचं एक राहिलंच. परीक्षक बाईंनी पहिला घास शकूला भरवला आणि विचारलं, "कशी झालीय गं?" तिघी पुढे वाकल्या. शकूनं घास तोंडात घोळवला, गिळला आणि कमरेवर हात ठेवून आईकडे बघत विचारलं,

"आई, मीठ कोणी आणायचं होतं?"